आखूड नंबर

१

लोक आपला फोन नंबर किती तऱ्हांनी लिहितात, हे दाउरेनइतकं अलमाटीत क्वचितच कुणाला ठाऊक असेल. कुणी आधी आठ लिहितं, कुणी अधिक सात. कुणी मधे रेघा मारतं, कुणी कंस घालतं, कुणी आकड्यांच्या शेपटीला ‘संध्याकाळी करा’ असं जोडून देतं. एका दातांच्या दवाखान्याकडून आलेल्या नोंदींत तर नंबराच्या जागी ‘जावयाला विचारा’ एवढंच होतं. दाउरेनचा प्रोग्रॅम हा सगळा केरकचरा गिळायचा आणि दुसऱ्या टोकानं शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे सरळ नंबर बाहेर काढायचा. अधिक सात, पुढे दहा आकडे. ज्याचे आकडे भरत नाहीत त्याच्यापुढे लाल शेरा: अवैध.

तो काम करायचा त्या दोन खोल्यांच्या कंपनीत समोरच्या टेबलावर वादिक त्सोई बसायचा. कोरियन घरातला, गोल चेहऱ्याचा, जिभेला हाड नसलेला. प्रोग्रॅममध्ये काही नवीन घातलं की दोघं आधी घरचीच बिलं त्यातून काढून बघत. त्या दिवशी दाउरेननं आपलं बिल घेतलं. लग्न झाल्यापासून बायकोचा, उल्पानचा, फोनही त्याच्याच नावावर होता. तशी सोय त्यानंच करून घेतली होती. बिल तो एरवीही बघायचाच. ती कुणाशी बोलते, किती बोलते, हे डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि घातल्यावर स्वतःची लाज वाटे.

सगळे नंबर मुकाट्यानं रांगेत उभे राहिले. एक सोडून. त्याचे आकडे होते सहा. प्रोग्रॅमनं त्याच्यावर लाल शेरा मारला आणि पुढे गेला.

दाउरेन मात्र पुढे जाऊ शकला नाही. आखूड नंबर चुकून कुणाच्याही हातून लागतो. मग एक रेकॉर्ड केलेली बाई ‘नंबर तपासून पाहा’ म्हणते आणि फोन तुटतो. पण उल्पान या नंबरावर जवळजवळ रोज बोलली होती, आणि चहा दोनदा गार होईल इतका वेळ.

“काय रे,” वादिक म्हणाला, “वाळल्या दह्याची आंबट कुरूत चोखल्यासारखं तोंड का केलंस?”

“काही नाही. बिलात चूक दिसतेय.”

“बायकोच्या बिलात चूक नसते. असते ती नवऱ्याच्या नजरेत.”

दाउरेन हसला नाही.

२

उल्पान बाहुल्यांच्या नाट्यगृहात कपडे शिवायची. उंटाला झूल, कोल्ह्याला कोट, बादशहाला तंगड्यांहून लांब झगा. घरी आली की बोटांना डिंकाचा वास असायचा. दिसायला शांत, बोलायला कमी. निदान त्याच्याशी तरी कमी.

“आज काय विशेष?” त्यानं जेवताना विचारलं.

“काही नाही. नेहमीचंच.”

“मी येत होतो तेव्हा तुझा फोन लागत नव्हता.”

“आपाशी बोलत होते.”

आपा म्हणजे तिची आई, ताल्दिकोर्गानला राहायची. तिचा नंबर दाउरेनला पाठ होता आणि तो दहा आकडी होता.  तो तळलेले बाउरसाक पाव चहात बुडवून खात राहिला, पण घास तोंडात फिरत होता.

भांडी आवरून उल्पान फोन घेऊन मागच्या काचबंद गच्चीत गेली. सोव्हिएत काळातल्या त्या इमारतीत ही एकच जागा जराशी मोकळी होती. लोणच्याच्या बरण्या, तिचं शिवणाचं यंत्र, दोन स्टुलं, आणि काचेपलीकडे डोंगर. मधलं दार ती नेहमी लावून घ्यायची, थंडी आत येते म्हणून. त्या संध्याकाळी दाउरेन दाराशी गेला आणि त्यानं लाकडाला कान लावला.

ती बोलत होती. आणि कशी बोलत होती! “...मग भर खेळात त्या उंटाची मान गळून पडली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठून उभी राहिली आणि म्हणाली, त्याला झोप आलीय, आवाज करू नका. मी पडद्यामागे तोंडात कापड कोंबून हसत होते!” आणि ती हसली. खळखळून, श्वास लागेपर्यंत. मग थांबली, समोरच्याला वेळ द्यावा तशी. मग हळूच म्हणाली, “हो ना? मलाही तसंच वाटलं.”

दाउरेन दारापाशी उभा राहिला. उंटाची मान पडली होती आणि त्याला ‘नेहमीचंच’ एवढं मिळालं होतं.  तिचं हसू असं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या घरात, त्याच्या भिंतींच्या आत, ते दुसऱ्याच कुणाला वाढलं जात होतं.

३

त्यानं ऑफिसातून तो नंबर लावून पाहिला. रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, नंबर तपासून पाहा. ऑफिसच्या जुन्या फोनवरून लावला. तीच बाई.

“वादिक, सहा आकडी नंबर लागू शकतो?”

“आता? कसा लागेल? आपल्या लहानपणी शहरात सहाच आकडे असायचे. मग पुढे दोन चिकटवला, नंतर शहराचा कोड बदलला. आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे की तो नियम, जुन्याचा नवा करायचा. आपणच बंद करून ठेवलाय.”

“का बरं?”

“अरे, विसरलास? ते जुने नंबर आता कुणाच्या दारात जाऊन पडतील कोण सांगणार! मेलेल्याचा नंबर जिवंत करायचा आणि दवाखान्यानं त्याला फोन करायचा, दाढ काढायला या म्हणून.” वादिक आपल्याच विनोदावर हसला, मग दाउरेनकडे बघून थांबला. “घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे.”

रविवारी दुपारी उल्पान न्हाणीघरात शिरली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला तसा दाउरेननं तिचा फोन उचलला. तो नंबर नावाशिवायच होता. त्यानं लावला.

दोन घंट्या झाल्या आणि उचलला गेला.

“बोला,” दाउरेन म्हणाला.

कुणी बोललं नाही. पण फोन रिकामा नव्हता. पलीकडे खोली होती. किटलीचं झाकण वाफेनं खडखडत होतं. रेडिओवर कुणीतरी हवामान वाचत होतं, खिंडीत बर्फ, वारा वायव्येकडून. लाकडी जमिनीवर खुर्ची सरकली. मग अगदी जवळ, जणू दाउरेनच्या गालाला गाल लावून, एक पुरुष खोकला. कोरडा, लहानसा खोकला, घसा साफ करावा तसा.

“कोण आहेस रे तू?” दाउरेनचा आवाज चढला. “बोल की! दुसऱ्याच्या बायकोशी बोलायला तोंड आहे, माझ्याशी नाही?”

किटलीचा आवाज थांबला. रेडिओ थांबला. आता पलीकडे कुणीतरी श्वास धरून ऐकत होतं, हे त्याला स्पष्ट जाणवलं. लाइनमध्ये गोंधळ झाला असेल, तो मनाशी म्हणाला. तारा एकमेकींना लागल्या असतील. कुणाच्या तरी घरातला रेडिओ. रविवारी दुपारी किटली काय सगळ्यांच्याच घरी उकळते.

मागून ओला हात आला आणि त्याच्या बोटांतून फोन अलगद काढून घेतला गेला. उल्पाननं तो बंद केला. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

“तू त्याच्याशी बोललास?”

“मी बोललो! तो कुठे बोलला? कोण आहे तो?”

ती स्टुलावर बसली. बराच वेळ टॉवेलनं केस पुसत राहिली.

“बेइबित,” ती म्हणाली.

हे नाव त्यानं एकदाच ऐकलं होतं, लग्नाआधी, तिच्या मावशीच्या तोंडून. उल्पानचं याआधी ठरलं होतं तो मुलगा. हिवाळ्यात डोंगरात गेला आणि परत आला नाही. शोधणाऱ्यांना त्याचं काहीच सापडलं नव्हतं.

“तो मेला,” दाउरेन म्हणाला.

“हो.”

“मग हा नंबर कुणाचा?”

“त्याच्याच घरचा. गिरणीमागची जुनी घरं होती ना, त्यातला. ती घरं पाडली. जुन्या फोनमधली नावं पुसत होते, चुकून बोट लागलं. आणि उचलला.”

“कुणी उचलला?”

“मी विचारलं नाही.”

“काय बोलतो तुझ्याशी?”

“काही नाही. ऐकतो.”

दाउरेनला तिला धरून हलवावंसं वाटलं. तो ‘बोलतो’ म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. गोड बोलणारे पुरुष त्याला ठाऊक होते, त्यांच्या नाकावर ठोसा मारता येतो. ऐकणाऱ्याचं काय करायचं?

“आणि मी ऐकत नाही?”

“तू विचारतोस,” उल्पान म्हणाली. “कुठे होतीस, कोण होतं, किती वाजले. त्याला ऐकणं नाही म्हणत, दाउरेन.”

४

तो गिरणीमागे जाऊन आला. तिथे गाड्या लावायचं मैदान होतं. पहारेकरी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. इथे पूर्वी घरं होती का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “असतील. आता गाड्या आहेत. तुझी कुठली?”

काही नव्हतं म्हणून दाउरेनचं समाधान व्हायला हवं होतं. झालं उलटंच. जिवंत माणूस असता तर तो म्हातारा झाला असता, टक्कल पडलं असतं, त्याचीही बायको कटकट करत असती. याला काहीच होणार नव्हतं. हा आपला किटली ठेवून बसला होता आणि उल्पानचे सगळे दिवस, सगळे उंट, सगळी हसणी गोळा करत होता. दाउरेनला वाटेत बसमध्ये बसवेना. दोन थांबे आधीच उतरून तो चालत ऑफिसात आला.

वादिक जेवायला बाहेर गेला होता. दाउरेननं प्रोग्रॅम उघडला आणि बंद ठेवलेला तो नियम चालू केला. आपल्या फोनवरून बोलायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तिच्या फोनमधून चोरासारखं नाही, पुरुषासारखं, स्वतःच्या नंबरावरून. त्यानं ते सहा आकडे टाकले.

प्रोग्रॅमनं पुढे दोन लावला. शहराचा कोड लावला. अधिक सात लावला. आणि लाल शेऱ्याच्या जागी हिरवा आला: वैध. घरगुती फोन. अलमाटी.

ते हिरवं बघून दाउरेनला क्षणभर उगाचच थंडी वाजली. पण तो चिडलेला होता. त्यानं नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला, जणू कुणी हात ठेवूनच बसलं होतं.

“ऐक,” दाउरेन म्हणाला. “ती माझी बायको आहे. तू जे काय असशील ते अस. तुझं घर पाडलं, तुझी माती कुठे आहे देवाला ठाऊक. आता पुरे. तुला काय वाटतं, तिला तू आवडतोस? कीव येते तिला तुझी. जिवंतपणी तुला ठेवलं नाही तिनं, आता काय ठेवणार?”

शेवटचं त्यानं अंदाजानं ठोकलं होतं. पलीकडे कुणीतरी खोल श्वास घेतला. मग एक आवाज आला. भसाडा, फार दिवसांत न वापरलेला.

“रहमेत, दाउरेन.”

आणि फोन ठेवला गेला. दार उघडून धरणाऱ्याला म्हणावं तसे साधेसे आभार. दाउरेन खुर्चीत बसून राहिला. त्यानं आपलं नाव सांगितलं नव्हतं.

वादिक हातात खिम्याचे समसे घेऊन आला. “खा. गरम आहेत. अरे, तुझे हात कसले गार पडलेत!”

५

त्या संध्याकाळी उल्पान गच्चीत गेली आणि लगेच बाहेर आली.

“लागत नाही,” ती म्हणाली. “ती बाई बोलते, नंबर तपासा म्हणून.” मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. “काय केलंस?”

त्यानं सांगितलं. सांगताना आधी ताठ होता, नंतर आवाज उतरत गेला. उल्पान भिंतीला टेकली.

“तुला कळतं का तू काय केलंस? ते आकडे आखूड होते म्हणून तो तिथे होता. मी जायचे त्याच्याकडे. त्याला इकडे यायला वाटच नव्हती. तू नंबर पुरा करून ती दिलीस.”

“मेलेला माणूस कुठे येणार?”

“जिवंत होता तेव्हा कुठे नाही आला? मैत्रिणीकडे गेले तर तिच्या फाटकाशी. शिवणाच्या वर्गाला गेले तर समोरच्या झाडाखाली. तुझ्यासारखाच होता तो, दाउरेन. तुझ्याहून जास्त. मी ठरलेलं लग्न मोडलं त्याच आठवड्यात डोंगरात गेला. तिथे गप्प बसून ऐकत होता तोवर मला वाटायचं, चला, याला निदान शांत बसायला शिकवलं मी.”

पुढच्या काही दिवसांत घरात घडलं म्हणावं असं काही घडलं नाही. दाउरेनच्या फोनवर तो पूर्ण नंबर यायचा. उचलला की कुणी बोलायचं नाही, आणि किटलीही ऐकू यायची नाही. ती खोली आता रिकामी वाटायची, माणूस उठून गेलेली. त्यानं नियम पुन्हा बंद केला. प्रोग्रॅम तरीही त्या नंबराला वैधच म्हणत राहिला. मग त्यानं तो नंबर आपल्या फोनवर अडवून टाकला. फोन यायचे थांबले आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात कुणीतरी खुर्ची सरकवल्याचे आवाज यायला लागले. वरच्या मजल्यावरचे असतील, दाउरेन म्हणायचा. वरच्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलं होतं, हे तो स्वतःशीसुद्धा म्हणत नव्हता.

एके दिवशी उन्हं उतरताना तो कामावरून आला. उल्पान काचबंद गच्चीत यंत्रावर काहीतरी शिवत होती, त्याच्याकडे पाठ करून. बाहेर गारठा होता. तिच्या तोंडासमोरच्या काचेवर श्वासाचा धुरकट ठिपका उमटत होता आणि विरत होता. तो हाक मारणार एवढ्यात त्याला दुसरा ठिपका दिसला. तिच्या डोक्याच्या वर, हातभर डावीकडे. तोही उमटत होता आणि विरत होता. सावकाश, लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या श्वासासारखा.

“उल्पान!”

तिनं मागे वळून त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं, मग काचेकडे पाहिलं. सुई मोडली. तिनं यंत्र बंद केलं. उठली, दोन कपडे पिशवीत टाकले, कोट चढवला.

“आपाकडे जाते.”

“मी येतो बरोबर.”

“नको. तू आलास तर तोही येईल. तुम्ही दोघं एकमेकांच्या पाठीवर असल्यासारखे असता.” दारात ती थांबली. “माझा फोन बंद ठेवणार आहे. मला करावासा वाटला तर मीच करीन.”

६

दाउरेननं आपाला फोन केला तेव्हा म्हातारी म्हणाली, “पोहोचली रे बाळ. झोपली आहे. तुमचं काय झालं ते मी विचारत नाही. तूही आता जरा विचारणं कमी कर.”

तो घरातच राहिला. जाता आलं असतं, वादिकनं बोलावलंही होतं. पण ती फोन करणार होती, आणि तो फोन याच घरात आलेला त्याला हवा होता. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. त्या दुसऱ्याला इथे एकटं सोडून जायची त्याची तयारी नव्हती. तिच्या यंत्रापाशी, तिच्या उशीपाशी त्याला एकट्याला बसू द्यायचं? दोघंही वाट बघत होते. दाउरेन बाहेरच्या खोलीत बसला की स्वयंपाकघरात खुर्ची सरकायची. तो स्वयंपाकघरात गेला की तिथे कुणी नसायचं, फक्त जमिनीवर बर्फाचं पाणी असायचं, बुटांनी आणावं तेवढं.

सकाळची वेळ होती. ऊन स्वच्छ पडलं होतं. चहा टाकून, फोन टेबलावर ठेवून दाउरेन गच्चीत दूध आणायला गेला. हिवाळ्यात ते तिथेच गार राहायचं. तेवढ्यात फोन वाजला. एकदा वाजला आणि थांबला.

त्याच्या हातातली बरणी तशीच राहिली. अर्धवट उघड्या दारातून उल्पानचा आवाज आला, फोनमधून येतो तसा बारीक.

“दाउरेन?”

“हं,” स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं. आवाज भसाडा नव्हता. तो दाउरेनचाच होता. झोपेतून उठलेल्या, जरा मऊ पडलेल्या दाउरेनचा.

“मी... मला वाटलं होतं तू ओरडशील.”

“नाही. ऐकतोय.”

 मग ती बोलायला लागली. आधी चाचरत, मग मोकळं. आपाच्या कोंबड्यांबद्दल, रात्री लागत नसलेल्या झोपेबद्दल, शेजारणीच्या लग्नाळू मुलाबद्दल, ज्याला मुलगी बघायला नेलं तर तो तिच्या आजीशीच तासभर गप्पा मारून आला. आणि ती हसली. तेच हसू. श्वास लागेपर्यंत.

दाउरेनला आत धावायचं होतं. पाय निघेनात. भीती होतीच, पण भीतीनं तो थांबला नव्हता. ती आपल्याशी असं कधी बोलली नव्हती, आणि आता मधे तोंड घातलं तर ती थांबेल, हे कळत असूनही त्याला पुढचं ऐकायचं होतं. त्याच्या नावानं, त्याच्या फोनवर, ती सगळं सांगत होती, आणि ते दुसऱ्याच्या कानात जात होतं. मत्सरानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तू बदललास,” ती म्हणाली. “आज एकदाही मधे बोलला नाहीस. मी येऊ का परत? दुपारची गाडी आहे.”

“ये.”

तेव्हा कुठे दाउरेनचा पाय उचलला. त्यानं दार ढकललं. टेबलाच्या कडेपाशी त्याला फक्त हात दिसला, फोन धरलेला. बाही ओली होती. बोटं टोकांशी काळी पडली होती, थंडीनं करपावीत तशी. त्या हाताच्या पलीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

“उल्पान!” तो जिवाच्या आकांतानं ओरडला. “येऊ नकोस! तो मी नाही! येऊ नकोस!”

फोनमध्ये क्षणभर काहीच नव्हतं.

“दाउरेन?” ती म्हणाली. “तिकडे कोण ओरडतंय?”

काळं बोट सावकाश फोनच्या तोंडावर आलं आणि बाजूला झालं.

“कोणी नाही,” दाउरेनच्या आवाजात तो म्हणाला. “तू ये.”